पाणबुडी देऊन आणलेलं कॉइन

सांगलीच्या चाचांनी ग्रुपवर तो फोटो टाकला तेव्हा मी शिरवळहून वाईला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. मी अशी काही किंचाळले की ड्रायव्हरनं सुरूरच्या फाट्यापाशी गाडी बाजूलाच घेतली.

"काय झालं वं ताई? कुणाला लागलं का?"

"सापडलं!" मी म्हणाले. "आबांच्या पलटणीचं कॉइन सापडलं!"

मागच्या दोघी बिचाऱ्या सीटखाली वाकून बघायला लागल्या. ड्रायव्हरनं माझ्याकडं आरशातून एक नजर टाकली आणि गिअर टाकला. माझं हे वेड सगळ्या बसला माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मला सांगायला फार आवडतं, ऐकणाऱ्याला जांभया येतात, तरी सांगतेच. हे कॉइन म्हणजे दुकानात चालणारं नाणं नव्हे. पलटणीचं, जहाजाचं, विमानांच्या तुकडीचं चिन्ह कोरलेली ही जाड, बहुधा गोल, तळहातात नीट बसेल एवढी चकती असते. एखाद्या जवानानं काही चांगलं काम केलं की साहेब त्याच्याशी हात मिळवतो, आणि हात मिळवता मिळवताच ते कॉइन त्याच्या तळव्यात सरकवतो. भाषण नाही, हार नाही. हात सोडवून बघावं तर मुठीत कॉइन! मला तर नुसतं लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

मला स्वतःला असं एकच मिळालेलं होतं. आमच्या कंपनीत आगीची मॉक ड्रिल चालली होती. भोंगा वाजला तरी प्लँटचे मोठे साहेब केबिनमध्ये फोनवर बोलतच बसले. माझं डोकं सणकलं. मी दार ढकललं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आत्ता जळून खाक झालात. मेलेल्या माणसानं फोनवर बोलायचं नसतं. चला बाहेर." सगळं मैदान हसलं. साहेब लालबुंद झाले. मला वाटलं, गेली नोकरी. पण आमचे सिक्युरिटीचे प्रमुख नौदलातून निवृत्त झालेले, उमेदीची सगळी वर्षं पाणबुडीत काढलेली. ते सरळ माझ्यापाशी आले, हात पुढं केला, आणि माझ्या हातात काहीतरी गार, जड आलं. निळ्या मिन्याचा समुद्र, मधोमध काळी पाणबुडी. "पाणबुडीत अशीच माणसं लागतात," एवढंच म्हणाले आणि गेले. त्या दिवशी बस वाईला कधी पोचली मला कळलं नाही.

तिथून नाद लागला तो लागलाच. कुठं सैन्याच्या स्मारकाजवळच्या दुकानात घेतलेली, कुठं माजी सैनिकांनी आपल्याकडं दोन असल्यामुळं दिलेली, अशी गोळा करत गेले. मग अदलाबदल करणाऱ्यांचा एक ग्रुप सापडला. त्यात पैशाची भाषा चालत नाही, कॉइनला कॉइन. माझ्या फोटोच्या जागी पाणबुडी, त्यामुळं सगळे मला सर म्हणायचे. मीही सुधारायला गेले नाही. सर म्हटलं की समोरचा जरा कमी शहाणपणा करतो.

आणि पहिला नियम, जो मी नव्या माणसाला धाक दाखवून सांगते: कॉइन पुसायचं नाही! कोरीव भागाच्या खोलगटात मुद्दाम काळसर छटा ठेवलेली असते, तिच्यामुळं तर चित्र उठून दिसतं. कडेनं धरायचं, बघायचं, परत ठेवायचं. घासलं की मेलं.

आता आबांचं. आबा म्हणजे माझे वडील, हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरात आम्ही दोघंच. त्यांच्या पलटणीचा मोठा रेझिंग डे, म्हणजे पलटण उभी राहिली त्या दिवसाचा समारंभ झाला, तेव्हा जुन्या माणसांनाही बोलावणं होतं. आबांची तयारी आठवडाभर चालली होती. आणि नेमका मला डेंग्यू झाला. आबांनी तिकीट रद्द केलं आणि साताऱ्याच्या दवाखान्यात माझ्या खाटेपाशी स्टूल घेऊन बसले. तिकडं कमांडिंग ऑफिसर साहेबांनी आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात कॉइन दिलं. जो आला त्याला, स्वतःच्या हातानं. कुणाजवळ पाठवायचं नाही असा पलटणीचा दंडक. नंतर मी पत्रावर पत्रं धाडली. उत्तर आलं, कॉइन संपली, साचाही मोडला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण साताऱ्यात दर वर्षी त्या दिवशी पलटणीची जुनी माणसं एका मंगल कार्यालयात जेवायला जमतात, आणि तिथं एक खेळ सुरू झाला. पंगत बसली की कुणीतरी टेबलावर आपलं कॉइन आपटतो आणि ओरडतो, "कॉइन!" मग सगळ्यांनी आपापलं काढून आपटायचं. ज्याच्याकडं नाही त्यानं उठायचं, पाण्याचा जग घ्यायचा आणि सगळ्या पंगतीला वाढायचं. जेवायचं शेवटी.

पहिल्या वर्षी आबा हसत हसत सांगत आले, "आज आमी पानी वाढलं, लय मजा आली." दुसऱ्या वर्षी सांगत आले, पण हसले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, "गुडघा दुखतोय, न्हाई जात." गुडघा? त्याच दिवशी दुपारी हा माणूस कोसभर लांबच्या मेणवलीपर्यंत चालत जाऊन आला! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि लगेच राग आला. त्या म्हाताऱ्यांचा, त्या खेळाचा, डासांचासुद्धा. मी ठरवलं, पुढच्या रेझिंग डेला आबा पहिल्या पंगतीला बसतील. कॉइन पाताळात असलं तरी काढीन.

पाताळ निघालं सांगलीतलं विश्रामबाग.

चाचांचा हळदीचा व्यापार. मेसेजमध्ये म्हणाले, "सर, या की रविवारी. चहा घेऊ, बघू." मी साताऱ्याहून सांगलीची एसटी धरली, माझी कॉइनची पेटी मांडीवर. चाचांनी दार उघडलं, माझ्या मागं जिन्याकडं बघितलं आणि विचारलं, "सर गाडी लावायलेत का?"

"मीच सर," मी म्हणाले.

चाचा असे हसले की आतून चाची बाहेर आल्या. "अगं, हे बघ, वर्षभर ह्यांना मी दाढी करताना 'सर, सर' म्हणून मेसेज करतोय!"

हसून झालं आणि सौदा सुरू झाला. अहाहा, काय सांगू! टेबलावर हिरवं कापड, एका बाजूला माझी पेटी, दुसऱ्या बाजूला त्यांचे कप्पे. आबांच्या पलटणीचं कॉइन त्यांनी मधोमध ठेवलं. मी पहिल्यांदा प्रत्यक्ष बघत होते. खोलगटात गर्द काळं, कडांवर सोनेरी, एक ओरखडा नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. अदलाबदलीत गरज दिसली की संपलं.

"हे कुठनं आलं चाचा?"

"बेळगावच्या एकाकडनं. त्याला कुणी दिलं, देव जाणे." माझ्या पेटीवरनं त्यांची नजर फिरली. "तुमी काय देता?"

मी हेलिकॉप्टरच्या तुकडीचं पुढं केलं. त्यांनी मान हलवली. मी दोन दिली, मग तीन, मग डोंगरी तोफखान्याचं आठ कोनी ठेवलं, ज्याच्यासाठी मी सहा महिने एकाच्या मागं लागले होते. चाचा चहाची बशी फुंकत राहिले.

"ताई, बोलू का? मला पाणबुडी पाहिजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चाचा, सांगलीत समुद्र कुठला हो? कृष्णेला पूर येतो तेवढाच!"

"म्हणून तर!" चाचा टेबलावर हात आपटून म्हणाले. "उभा जन्म हळदीत गेला. समुद्र बघितला तो मुंबईला, तोही टॅक्सीतनं. पाणबुडीचं कॉइन कुणाकडंच न्हाई बघा आपल्या भागात."

"ते मला हातात मिळालंय. ते देता येत नाही."

"मग ऱ्हायलं," चाचा म्हणाले, अगदी गोडीत. "चहा तरी घ्या."

मी चहा घेतला. चाचींनी केलेली शंकरपाळी खाल्ली. चाचांवर चिडायची फार इच्छा होती, पण त्यांचं काय चुकत होतं? मलाही त्यांचं कॉइन हवं होतं, त्यांनाही माझं. मी पाणबुडी काढली, एकदा मुठीत धरली. मग म्हणाले, "उठा चाचा. उभे राहा. हे टेबलावरून सरकवायचं नसतं." चाचा गडबडून उभे राहिले, लुंगी सावरली, आणि मी त्यांच्याशी हात मिळवून पाणबुडी त्यांच्या तळव्यात दिली. त्यांनी तसंच आबांचं कॉइन मला दिलं. चाचांचे डोळे लकाकत होते. परतीच्या एसटीत कऱ्हाडपर्यंत माझा हात पर्समध्येच होता. पाणबुडी गेली म्हणून जीव हळहळत होता, आणि तरी मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आबांसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"कुणी दिलं?"

मी सगळं सांगितलं. पाणबुडीसकट.

"आन् तुझं तू देऊन बसलीस?" त्यांनी कॉइन माझ्याकडं सरकवलं. "पलटणीचं कॉइन हातातनं हातात येतं गं. सौद्यात न्हाई येत. त्ये माझं न्हाई."

"आवं आबा, मी विकत आणलेलं नाही!"

"इकत न्हाई, पर दिलंय कुणी? मला दिलंय का कुणी?"

आता मात्र माझा पारा चढला. "तुम्हाला मिळालं असतं! तुम्ही माझ्या उशाशी बसला म्हणून नाही मिळालं. ते माझ्यामुळं गेलं, मी परत आणलं. घ्यायचं तर घ्या, नाहीतर न्या आणि धोम धरणात टाका!" मी कॉइन टीव्हीपाशी डबीत ठेवलं आणि भाकरी थापायला गेले. त्या दिवशी तव्यावरची प्रत्येक भाकरी करपली.

रेझिंग डेपर्यंत डबी तिथंच होती. आबा तिच्याकडं बघायचेही नाहीत. मी म्हटलं, गेलं सगळं पाण्यात.

त्या दिवशी सकाळी मला जाग आली ती ब्रासोच्या वासानं. पितळ घासायचं ते द्रावण. फौजी माणसाच्या घरात मीठ नसेल एक वेळ, पण ब्रासो असतो. मी बाहेर आले. आबा ओट्यावर बसलेले. बूट चकचकीत, पट्ट्याचं बक्कल चकचकीत, पदकं ओळीनं मांडलेली. आणि हातात, जुन्या बनियनच्या चिंधीत, कॉइन.

"आबा! काय करताय!"

"झालंच बघ." त्यांनी ते उन्हात धरलं. लखलखत होतं, देवघरातल्या घंटेसारखं! काळी छटा औषधालासुद्धा उरली नव्हती. अक्षरं पुसट, कडा गुळगुळीत. उलटं केलं, तर मागूनही तेच.

माझं तोंड सुटलं ते आवरेना. "अहो, ते काळं मुद्दाम होतं! पाणबुडी दिली मी त्याच्यासाठी! आता ते कॉइन राहिलं नाही, पितळेचं झाकण झालं! तिथं सगळ्यांची काळी-सोनेरी असतील आणि तुमचं असं. म्हणतील, हवालदारानं नकली बनवून आणलं!"

आबा शांतपणे म्हणाले, "घान घेऊन पलटणीत जायचं व्हय?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते ह्यांच्याकडं बघूनच. मग ते कोट घालायला उठले. तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला की आबा निघालेत. कॉइन घेऊन निघालेत! मीही साडी नेसले, कारण या वर्षी घरच्यांनाही आमंत्रण होतं.

साताऱ्यापर्यंत मला एकच घोर. बनावट म्हणाले तर? हसले तर? आबा मात्र खिडकीशी ताठ बसलेले, एक हात कोटाच्या खिशात.

कार्यालयात गर्दी, टाळ्या, "आरं गड्या, मेला न्हाईस व्हय अजून!" असली प्रेमाची बोलणी. आबा पहिल्या पंगतीत बसले. आम्ही बायका समोरच्या ओळीत. पानं वाढून झाली, आणि म्हातारे सुभेदार मेजर साहेब, या सगळ्यांचे म्होरके, उभे राहिले. त्यांनी टेबलावर कॉइन हाणलं.

"कॉइन!"

धाड, धाड, धाड! टेबलं हादरली, मठ्ठ्याचे पेले सांडले. मी जीव मुठीत धरून उठले, टाचा उंचावल्या आणि बघितलं.

सगळी चकचकीत! एकूण एक! कुणाचं सिंहाचं तोंड झिजलेलं, कुणाची अक्षरं गेलेली, एकाचं तर इतकं घासलेलं की ते कुठल्या पलटणीचं हे त्याला विचारावं लागावं. ह्या सगळ्या बहाद्दरांनी मिळाल्या दिवसापासून आपापलं कॉइन ब्रासोनं घासून काढलं होतं. सबंध कार्यालयात काळी छटा असलेलं कॉइन एकच, सुट्टीवर आलेल्या पलटणीतल्या तरुण कॅप्टनचं. सुभेदार मेजर साहेबांनी ते दोन बोटांत उचललं.

"साहेब, हे असं काळं कसं पडलं?"

"ते तसंच असतं साब," कॅप्टन म्हणाला. "मुद्दाम केलेलं असतं."

"असंल. पर बरं दिसत न्हाई."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. आणि मग सुभेदार मेजर साहेब आबांपाशी थांबले. हसू जागच्या जागी थिजलं.

"हवालदार, तुमच्याकडं तर नव्हतं."

"पोरीनं आणलं साब," आबा उभे राहून म्हणाले. "सौदा करून आणलं. तिची पाणबुडी दिली."

"पाणबुडी?"

"व्हय साब. सांगलीला."

साहेबांनी कॉइन उचललं, उलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला. "पाठ बी घासलीया," ते म्हणाले. "कड बी." ते परत आबांच्या पानाशेजारी ठेवलं. "बसा." आणि ते पुढं गेले.

बसा! एवढाच शब्द. माझा जीव भांड्यात पडला. मी शेजारच्या अनोळखी वहिनींना मिठी मारली. त्यांनीही मला मिठी मारली, काही न विचारता.

तेवढ्यात दारातून एक माणूस आला. धापा टाकत, खांद्याला पिशवी. जत तालुक्यातला, आबांच्याच सेक्शनमधला, म्हणजे दहा जणांच्या तुकडीतला. पहिल्यांदाच आला होता. "बस लेट झाली की ओ," कानडी हेल काढून म्हणाला. पोरांसारखे चेकाळलेले ते म्हातारे लगेच ओरडले, "कॉइन! कॉइन!" तो गोंधळला. कुणीतरी खेळ समजावला. त्यानं खिसे चाचपले. एसटीचं तिकीट निघालं, तंबाखूची डबी निघाली.

"पाणी! पाणी!" सगळे हसले. तोही हसला आणि पाण्याचा जग उचलायला निघाला.

आबा उठले. अजून कुणी घास घेतला नव्हता. टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर गेले, ताठ उभे राहिले आणि हात पुढं केला. त्यानं हात मिळवला. हात सुटला तेव्हा त्या माणसानं मूठ उघडली, तर आत लखलखतं कॉइन.

आबा वळले. मोकळा तळहात त्यांनी टेबलावर आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्याकडं न्हाई! जग कुठाय?"

कुणी हसलं नाही. सुभेदार मेजर साहेबांनी त्या जतच्या माणसाला आबांच्या जागेवर बसवलं.

आणि मी? माझी पाणबुडी! चालली की जतला! जिथं प्यायच्या पाण्याची मारामार तिथं माझी पाणबुडी निघाली. मी संतापानं नुसती उकळत होते, आणि त्याच वेळी मला वाटत होतं की उठून सगळ्या कार्यालयाला ओरडून सांगावं, हे माझे वडील आहेत. आबा जग घेऊन ओळीनं येत होते, बोलत, चिडवत, सगळ्यांची थट्टा करत. गुडघा कुठं दुखत होता?

ते माझ्यापाशी आले.

"चिडलीस?"

"लय."

"पेला धर." त्यांनी पाणी ओतलं. मग वाकून हळूच म्हणाले, "त्या भिंतीकडं बघ. त्या दोघांच्या हातात जग दिसतोय? एक तवा आजारी हुता, दुसऱ्याच्या पोरीचं लगीन हुतं. त्यास्नी बी न्हाई मिळालं. तुझ्या चाचाकडं आनखी असत्याल का गं?"

"अहो पण आबा, द्यायचं काय? पाणबुडी एकच होती!"

"दुसरं काय जहाज-बिहाज असंल की तुझ्याकडं. बघ की."

माझा उजवा हात वरणभातात होता. मी डाव्या हातानं फोन काढला आणि चाचांना लावला.